व्यापारशिक्षणात प्रश्नाचे स्थान

व्यापार हा आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य घराण्यांचा पिढीजात व्यवसाय होय, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु पिढीजात या शब्दाचा अर्थ काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बापाकडून मुलाकडे दुकान जाते, गिऱ्हाईक जाते, उधारीची वही जाते, क्वचित कर्जही जाते. धंद्याची अक्कल मात्र अशी वारसाहक्काने मिळत नाही. ती मिळती, तर एकाही संपन्न पेढीचे दिवाळे दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीत निघाले ना. मग ही अक्कल पूर्वीच्या काळी नवशिक्या उमेदवाराच्या अंगी कशी बाणविली जात असे? तिचे मुख्य साधन उपदेश नव्हते. प्रश्न हे होते, असे इतिहासाच्या अवलोकनावरून दिसून येते. या साधनाचा पूर्ववृत्तांत, त्याचा उत्कर्ष आणि त्याचा जेथे लोप झाला तेथे घडलेला अनर्थ, यांचे थोडक्यात दिग्दर्शन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी आपल्या गावाचे स्थान ध्यानात घेतले पाहिजे. जिंतूर हे परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. जालन्याहून मंठ्यावरून औंढा व नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावर ते वसलेले आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा तो परभणी आणि सेलू या गावांवरून गेला. जिंतूर बाजूस राहिले. येथील माल बैलगाड्यांनी त्या स्थानकांपर्यंत न्यावयाचा आणि भावाची बातमीही तिकडूनच यावयाची. अशा गावी व्यापार करणाऱ्यास आल्यागेल्याला विचारल्याखेरीज काहीच कळण्याचा संभव नव्हता. जालन्याचा भाव काय, वाटेत पाऊस कोठवर झाला, अमक्या पेढीची हुंडी हल्ली सकारली जाते की नाही, हे सारे प्रश्न रोजच्या व्यवहारातले होते. ज्याला विचारता येत नसे, त्याला खरेदी करता येत नसे.

या गावाचा इतिहासही जुना आहे. जवळच्या नेमगिरीच्या डोंगरातील लेण्यांत जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत, आणि तालुक्यातील चारठाण्याची प्राचीन मंदिरे प्रसिद्धच आहेत. जेथे अशी दानकर्मे उभी राहिली, तेथे दान देऊ शकणारा सधन वर्ग आणि त्याला पोसणारा व्यापारही असला पाहिजे, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय नाही. त्या व्यापाऱ्यांच्या वह्या आज आपल्यापाशी नाहीत. परंतु ते हिशेब कसा शिकत असतील, हे जाणण्याचे एक साधन सुदैवाने टिकून राहिले आहे. ते म्हणजे त्या काळचे गणितग्रंथ.

इसवी सनाच्या नवव्या शतकात हा सर्व प्रदेश राष्ट्रकूटांच्या अमलाखाली होता. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. अमोघवर्ष नृपतुंग याच्या कारकीर्दीत, सुमारे ८५० मध्ये, महावीराचार्य नावाच्या जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. ज्योतिषाच्या आधाराने नव्हे, तर स्वतंत्र शास्त्र म्हणून गणिताची मांडणी करणारा हा ग्रंथ आहे. लौकिक, वैदिक आणि धार्मिक अशा सर्व व्यवहारांत गणिताचा उपयोग पडतो, असे प्रतिपादन करून ग्रंथकर्ता त्रैराशिक, व्याज, भागीदारी, सोन्याचा कस इत्यादी विषय हाती घेतो. विशेष हे की, नियम थोडक्यात सांगून तो थांबत नाही. नियमामागोमाग उदाहरणे येतात आणि ती उदाहरणे प्रश्नरूप असतात. अमक्याने इतके द्रव्य इतक्या व्याजाने दिले, तर, हे गणका, इतक्या काळाने किती होईल ते सांग, अशा धर्तीवर ग्रंथ पुढे जातो. वाचणारा येथे श्रोता राहूच शकत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते.

तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली, तेव्हा हीच पद्धती अधिक रसाळ झाली. त्यातील एक उदाहरण व्यापाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिघा व्यापाऱ्यांनी अनुक्रमे ५१, ६८ आणि ८५ इतके भांडवल एकत्र केले. व्यापारात त्या सर्वांचे ३०० झाले. तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल? एकूण भांडवल २०४. त्या प्रमाणात ३०० ची वाटणी केली म्हणजे ७५, १०० आणि १२५ ही उत्तरे मिळतात. दुसरे उदाहरण मालाच्या अदलाबदलीचे आहे. एका द्रम्मास ३०० आंबे आणि एका पणास ३० डाळिंबे मिळत असतील, तर १० आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे यावीत? उत्तर १६. परंतु ते काढावयाचे तर एका द्रम्माचे पण १६ होतात, हे आधी ठाऊक हवे. प्रश्नात ही गोष्ट सांगितलेली नाही. ती शिकणाऱ्याने स्वतः विचारून वा आठवून घ्यावयाची आहे. बाजारातील बहुतेक चुका येथेच होतात. आकडेमोड चुकून माणूस फारसा बुडत नाही. आकडा कोणत्या नाण्यातला आहे, हे न विचारल्याने बुडतो.

या विद्येचा आपल्या महाराष्ट्राशी निकट संबंध होता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. त्या काळी गणिताच्या प्रकरणांना ‘व्यवहार’ म्हणत. मिश्रक व्यवहार, श्रेढी व्यवहार अशी त्यांची नावे आहेत. देण्याघेण्याला आजही मराठीत व्यवहार हाच शब्द आहे. विद्या आणि बाजार यांचे नाते किती जुने आहे, याची साक्ष हा एक शब्दच देतो.

पंतोजींच्या शाळेत ही परंपरा तोंडी हिशेबाच्या रूपाने उतरली. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुलाकडून घोकून घेतले जात. केवळ घोकंपट्टी म्हणून आज त्यांची चेष्टा करण्यात येते. परंतु घोकणे ही त्या शिक्षणाची पहिली पायरी होती, शेवटची नव्हे. पाठ झालेला मुलगा पेढीवर उमेदवार म्हणून बसला की मुनीम त्याला प्रश्न घालू लागे. साडेतीन रुपये मणाप्रमाणे साडेसात मण धान्याचे किती? तेवढे सांगितले की पुढचा प्रश्न : त्यात आडत किती, हमाली किती, तोलाई किती? तेही सांगितले की तिसरा : मग शेतकऱ्याच्या हाती काय पडले? पहिला प्रश्न पाढ्यांचा, दुसरा बाजाराचा आणि तिसरा न्यायाचा होता. या तिन्ही प्रश्नांना क्रमाने उत्तर देता देता उमेदवाराचा मुनीम होत असे.

मराठवाड्यातील उमेदवारास याखेरीज आणखी तीन प्रश्न शिकावे लागत. ते येथील परिस्थितीनेच निर्माण केलेले होते आणि इंग्रजी अमलाखालील पुण्यामुंबईच्या उमेदवारास त्यांची तितकी निकड नव्हती.

पहिला प्रश्न : रुपया कोणता? निजामी राज्यात हाली सिक्का चाले, आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजी कलदार. सरकारी दर १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सात हालींस सहा कलदार, असा होता. जिंतूरच्या व्यापाऱ्याने हालीत माल खरेदी करून तो मुंबईस कलदारात विकला, तर वहीत दिसणारा नफा आणि खरा नफा वेगळा असे. ३५० हालींना घेतलेला माल ३०० कलदारांना विकणारा मनुष्य पन्नास रुपयांनी बुडालेला नसतो. तो जेथल्या तेथे असतो. त्याहून पूर्वी तर औरंगाबादच्या टांकसाळीत पेस्तनजी या पारशी सावकाराच्या नावाने पडलेले पेस्तनशाही रुपयेही चलनात होते. नाणे पारखणे हे हाताचे काम, परंतु कोणते नाणे ते विचारणे हे बुद्धीचे काम होते.

दुसरा प्रश्न : माप कोणते? मण म्हटला की चाळीस शेर, हे सर्वांना पाठ. परंतु ८० तोळ्यांच्या शेराचा मण सुमारे ८२ पौंड भरे, तर मुंबईचा मण अवघा २८ पौंडांचा. मुंबईच्या कापूस बाजारातील खंडी ७८४ पौंडांची. आणि ८२ पौंडी २० मणांची खंडी धरली तर ती १,६०० पौंडांवर जाई. शब्द तोच, वजन दुपटीहून अधिक. खंडीचा भाव ऐकून कोणती खंडी हे न विचारणाऱ्या उमेदवाराला मुनीम कापसाच्या सौद्याजवळ बसू देत नसे, यात नवल नाही.

तिसरा प्रश्न : साल कोणते? सरकारी कामकाजात फसली सन, पंचांगात शके, पेढीच्या वहीत दिवाळीच्या पाडव्यापासून सुरू होणारे वर्ष आणि मुंबईच्या पत्रव्यवहारात इंग्रजी तारीख, अशा चार कालगणना एकाच वेळी चालू असत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई येथील कागदोपत्री फसली १३५७ मध्ये पडते. व्याजाचा हिशेब करताना मुदत कोणत्या गणनेने मोजावयाची आणि अधिक मास आला तर त्याचे व्याज धरावयाचे की नाही, हे आधीच विचारून ठरविले नाही, तर वर्षानुवर्षांचा स्नेह एका महिन्याच्या व्याजापायी तुटण्याची वेळ येई.

हुंडीचा व्यवहार तर प्रश्नावरच उभा होता. दर्शनी की मुदती, धनीजोग की शहाजोग, असे तिचे भेद. शहाजोग हुंडीचे पैसे प्रतिष्ठित सावकारासच द्यावयाचे असत. तेव्हा हुंडी घेऊन येणारा कोण, त्याची ओळख कोणाची, याची चौकशी करणे हे पैसे देणाऱ्याचे कर्तव्यच ठरत असे. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ती अंकांत व अक्षरांत लिहून, शिवाय तिच्या निम्म्याचा उल्लेख करून त्याची दुप्पट, असे नमूद करण्याची रीत होती. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गेली तर परपेठ, असा क्रम असे. १८८१ चा परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा करताना सरकारने हुंडीच्या या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही, एवढी ही पद्धती परिपक्व होती. तिच्यात विश्वास होता, परंतु तो चौकशीनंतरचा विश्वास होता. चौकशी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्या काळच्या सावकारांना वाटत नसे. किंबहुना ज्याला कोणी काही विचारीत नाही, त्याची पत संशयास्पद आहे, असेच ते मानीत.

आता या साधनाचा लोप झाला तेथे काय घडले, ते पाहू. याचे ठळक उदाहरण आपल्या जुन्या राज्याच्या राजधानीतच आहे. १८१४ च्या सुमारास हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी सुरू झाली. निजामाच्या सरकारास ती मोठमोठी कर्जे देत असे. युरोपीय प्रजाजनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास कायद्याची मनाई होती, परंतु १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीस खास परवानगी दिली. पेढीचे एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हे गव्हर्नर जनरलच्या पालित कन्येचे पती होते. दिवाण चंदूलाल यांना पैसा हवा होता आणि पेढीला व्याज. अशा स्थितीत हे कर्ज कशासाठी आणि ते फिटणार कसे, हे विचारण्याची कोणालाच गरज भासली नाही. १८२० मध्ये ६० लाखांचे नवे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला. त्याने साधा प्रश्न विचारला, की हे साठ लाख खरोखर कोणाच्या हाती पडले? तेव्हा नवे म्हणून दाखविलेले कर्ज बव्हंशी जुन्या देण्याचेच रूपांतर असल्याचे उघडकीस आले. मोठा गदारोळ उडाला आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. या कथेचा बोध असा, की पेढीच्या आत जो प्रश्न कोणी विचारीत नाही, तो कधी ना कधी बाहेरचा मनुष्य येऊन विचारतो. आणि तोवर उत्तर देण्याची वेळ टळून गेलेली असते.

दुसरे उदाहरण अधिक कटू आहे, पण ते टाळून चालणार नाही. इंग्रजी अमलातील दख्खनच्या जिल्ह्यांत कुळे सावकारांकडून कर्ज घेत आणि न वाचता खतावर अंगठा करीत. व्याजाचे मुद्दलात रूपांतर होऊन खत पुनःपुन्हा नवे केले जाई. सावकाराला प्रश्न विचारण्याची विद्या अवगत होती; कुळाला ती नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे लुटली आणि खते जाळली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशावर असे बंधन घातले, की केवळ खत पाहून निकाल देऊ नये. व्यवहाराच्या आरंभापासून चौकशी करावी, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे काढावे. ऋणकोस पावती मागण्याचा हक्कही मिळाला. हा कायदा निजामी मुलुखास लागू नव्हता, परंतु त्याचे तात्पर्य सर्वत्र लागू आहे. मुनिमाचा तिसरा प्रश्न, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काय पडले, हा ज्या पेढ्यांनी विचारणे सोडून दिले, त्यांना तो अखेर कायद्याने विचारला. व्यापारी म्हणविणाऱ्या प्रत्येक ज्ञातीने हे प्रकरण आत्मपरीक्षणाच्या बुद्धीने वाचावे.

येथवर आपण वडीलधाऱ्याने उमेदवारास विचारलेल्या प्रश्नांचा विचार केला. परंतु व्यवसायाची खरी वाढ उलट दिशेच्या प्रश्नाने होते. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याने, ज्याच्याजवळ माहिती आहे त्यास विचारावे. ज्याने माल बनविला त्याने, जो तो वापरतो त्यास विचारावे. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात याची दोन उत्तम उदाहरणे आहेत.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात झाला. घरची सावकारी व कापसाची उलाढाल सांभाळून ते सुखाने राहिले असते. परंतु त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील एकेकाळच्या कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून मक्तेदारीच्या धंद्यात पाऊल टाकले. फाटकांपाशी भांडवल नव्हते. रेल्वेची कामे कशी निघतात, मोजमाप कसे होते, बिले कशी मंजूर होतात, याची माहिती होती. सावकाराच्या मुलाने कारकुनापासून शिकावे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. ती ज्यांना साधली, त्यांनी पुढे १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेऊन परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीस आव्हान दिले.

दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात आले. तेथे प्रथम सायकलींचा व्यवसाय आणि मग लोखंडी नांगराची निर्मिती त्यांनी हाती घेतली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. अशा वेळी गिऱ्हाइकाला अडाणी ठरवून मोकळे होणे फार सोपे असते. परंतु शेतकऱ्याची शंका हाही एक प्रश्नच आहे आणि त्याचे उत्तर वादविवादाने नव्हे तर शेतात नांगर चालवून द्यावयाचे आहे, हे ओळखल्याविना हा धंदा उभा राहता ना. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. या कारखान्याचे पहिले कठोर परीक्षक म्हणजे काळ्या जमिनीतले शेतकरी होत.

परंपरेचा गौरव करताना तिच्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव अशी, की पेढीवरील हे शिक्षण आपल्याच घरच्या किंवा आपल्याच ज्ञातीच्या मुलापुरते राखून ठेवलेले असे. हमालाच्या हुशार मुलाला मुनीम कधी औटकीचा प्रश्न घालीत नसे. दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात ज्या बालेला उद्देशून प्रश्न घातले, तिचे नाव त्या ग्रंथाला लाभले. परंतु ज्या घराण्यांनी हीच गणिते पिढ्यान् पिढ्या सोडविली, त्यांनी आपल्या लीलावतींना पेढीच्या उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही. घरातील कर्त्या पुरुषाचा अकाली मृत्यू झाला म्हणजे वही कोणास वाचता येत नाही, येणे कोणाकडे आहे हे ठाऊक नाही, अशी दैना कित्येक कुटुंबांची झाली, तिचे मूळ येथे आहे. तिसरी उणीव प्रश्न विचारण्याच्या वृत्तीसंबंधी आहे. शिकविण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि पाणउतारा करण्यासाठी विचारलेला प्रश्न यांत महदंतर आहे. ‘एवढेही कळत नाही का?’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्नार्थक असले, तरी ते उत्तर मागत नाही. ते तोंड बंद करते. अशा प्रश्नांच्या भडिमाराखाली वाढलेला मुलगा चूक झाली की लपवितो, आणि लपविलेली चूक ही व्यापारातील सर्वांत महाग वस्तू होय.

तसेच, सर्वच गोष्टी प्रश्नाने शिकवाव्यात असेही नाही. तराजू खोटा ठेवू नये, दुसऱ्याची रक्कम आपल्या रकमेत मिसळू नये, रोकड मोजल्याशिवाय गल्ला बंद करू नये, या गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. त्या अनुभवाने शिकू देणे म्हणजे मुलाला आगीत हात घालू देण्यासारखे आहे. जेथे नियम निश्चित आहे तेथे सांगावे. जेथे निर्णय करावयाचा आहे तेथे विचारावे. हा विवेक ज्याला साधला तो खरा मार्गदर्शक.

काळ बदलला. हाली सिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर व मण जाऊन किलो व क्विंटल आले. फसली सन दप्तरखान्यात राहिला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि आता तर जिंतूरच्या बाजारपेठेतही गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून पैसे चुकते करते. रुपया कोणता, माप कोणते, साल कोणते, हे आपल्या आजोबांचे तीन प्रश्न यामुळे निरुपयोगी झाले, असे कोणाला वाटेल. वस्तुतः त्यांचे केवळ स्वरूप पालटले आहे. सांगितलेला भाव करासहित की कराविना? विक्री झाली असे म्हणतोस ती रोखीची की उधारीची, आणि उधारी किती दिवसांची? वर्षाचा नफा सांगतोस त्यात तुझ्या स्वतःच्या श्रमाचा मोबदला आणि घरच्या जागेचे भाडे धरले आहेस काय? संगणक बेरीज चुकत नाही हे खरे. परंतु न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही.

आपल्या समाजात आज जे दिसते ते असे. पुण्यास वा छत्रपती संभाजीनगरास शिकून आलेला एखादा तरुण नव्या धंद्याचा विचार वडीलधाऱ्यांपुढे मांडतो. त्यावर दोनच प्रकारची उत्तरे त्याला ऐकू येतात. ‘हे आपल्या गावात चालावयाचे नाही,’ हे एक. आणि ‘तुझे तू पाहून घे,’ हे दुसरे. पहिल्यात निर्णय आहे, दुसऱ्यात उदासीनता आहे. प्रश्न दोहोंतही नाही. याच्या जागी वडिलांनी एवढेच विचारावे : माल कोण घेईल, त्यांपैकी किती जणांशी तू प्रत्यक्ष बोललास? पहिले सहा महिने एक रुपयाही आला नाही, तर दुकान कशावर चालेल? भागीदार घेणार असलास, तर नफ्याची वाटणी लीलावतीने सांगितलेली आहे. तोट्याची तुम्ही दोघांनी लिहून ठेवली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे घेऊन तरुण परत आला, तर त्याला भांडवल द्यावे. परत आला नाही, तर पैसे वाचले आणि मुलगाही वाचला. तरुणांनीही ध्यानात ठेवावे, की वडिलांच्या वहीत जे येणे वर्षानुवर्षे पुढे ओढले जात आहे, ते वसूल होणार की नाही, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. आणि असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आपल्या संस्थेने शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवर मेळावे भरविले, ही कार्ये स्तुत्यच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक कार्य सुचवावेसे वाटते, आणि त्याला खर्च काहीच नाही. दिवाळीच्या पाडव्यास नवी वही उघडण्यापूर्वी प्रत्येक व्यापारी कुटुंबाने घरातील मुले, मुली आणि सुना यांना एकत्र बसवून जुन्या वहीवर तासभर प्रश्न विचारू द्यावेत. जो निरुत्तर होईल त्याने रागावू नये. उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी सांगावे. ज्या वहीला घरातल्या माणसांच्या प्रश्नांना उत्तर देता येते, तिला सरकारी अधिकाऱ्याचे, बँकेचे किंवा न्यायालयाचे भय उरत नाही. नेमगिरीच्या पायथ्याशी इतक्या राजवटी आल्या आणि गेल्या, नाणी बदलली, मापे बदलली. येथील बाजार मात्र टिकून राहिला. तो पुढेही टिकावयाचा असेल, तर वहीबरोबर वहीविषयी प्रश्न विचारण्याचा हक्कही पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला पाहिजे.